घडीचं १० पट भिंग: मण्यारीची कात की कवड्याची?

मण्यार आणि कवड्या या सापांच्या काती रंगावरून वेगळ्या काढायला जाऊ नये. कातीत पट्टे धूसर उतरतात, कधी उतरतच नाहीत. उरतात ते खवले, आणि ते मोजायला तीन काचा चिकटवून केलेलं १० पट भिंग अगदी पुरेसं आहे.

'३० पट, २१ मिमी' (मिमीचा आकडा काचेच्या व्यासाचा) अशी छाप असलेली चकचकीत भिंगं ऑनलाइन ढिगानं मिळतात. त्यांची परीक्षा घरीच करता येते. २५० मिमीला पटीनं भागलं की नाभीय अंतर, म्हणजे दूरच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर पडते ते, मिळतं: १० पटीला २५ मिमी, ३० पटीला जेमतेम ८. दूरच्या खिडकीची प्रतिमा कागदावर पाडा आणि भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. २५ मिमीच्या आसपास भरलं, तर छाप काहीही असो, भिंग १० पटीचंच. मग आलेखाचा कागद बघा. कडेच्या रेषा वाकल्या किंवा त्यांना रंगीत किनार आली, तर ते भिंग परत करा. एकाच काचेच्या भिंगात हा दोष हमखास असतो.

भिंग डोळ्याला भिडवायचं आणि कात त्याच्याकडे आणायची. खाली काळा कागद, उजेड बाजूनं. कात कुरकुरीत असेल तर आधी पाण्यात मऊ करून घ्या.

शरीराच्या मध्यावर, पोटाचे रुंद खवले सोडून, तिरक्या ओळीत मोजा. मण्यारीत १५ ओळी, कवड्यात १७. पण इथेच थांबू नका, कारण सिंध मण्यारीतही १७ किंवा १९ ओळी असतात. खरा निकाल पाठीच्या मध्यरेषेवर लागतो: मण्यारीचे तिथले खवले शेजारच्यांपेक्षा ठळक मोठे आणि षट्कोनी, कवड्याचे इतरांसारखेच. शेपटीखाली मण्यारीचे खवले अखंड, कवड्याचे जोडीजोडीनं. डोक्याची कात शाबूत असेल तर नाकपुडीच्या आणि डोळ्यापुढच्या खवल्यांमध्ये आणखी एक खवला शोधा. तो कवड्यात असतो, मण्यारीत नसतो.

कातीवरून सापाची लांबी मात्र नोंदवू नये. निघताना ती ताणली जाते. खवल्यांची संख्या तीच राहते. आणि कात सहसा उलटी होऊन निघते, त्यामुळे डावी-उजवी बाजू लिहिण्याआधी ती सुलटी करावी.

भिंगाची एकच कुरकुर: बिजागरीचा स्क्रू सैल होतो. घेतानाच तो आवळता येतो का, ते बघा. नुसती दाबून बसवलेली खीळ असेल तर दुसरं भिंग मागा.