२१,१८४ रुपयांचा सब्जा

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाला "किती गेले हो?" असं हळूच विचारायला नको. एकवीस हजार एकशे चौऱ्याऐंशी, ऑनलाइन मागवलेल्या बागेच्या किटपायी फसवणुकीत गेले. शिवाय शेजारच्या वहिनींचे २,६४८ मी माझ्या हाताने भरून दिले, ते वेगळे. त्या नको नको म्हणत होत्या, पण भिशीच्या ग्रुपवर लिंक टाकणारी मीच. "खूप छान आहे, मी मागवलंय" असं वर लिहिलंही होतं. नुसतं मागवलं होतं, आलं कुठे होतं? डोळ्यांनी न पाहिलेल्या वस्तूची मी जाहिरात केली.

फसतात ते अडाणी, असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं स्वतःबद्दल. मी इंदुरात बारा वर्षं गच्चीवर भाजी लावते. पालक, मेथी, वांगी, दुधी, उन्हाळ्यात गवार. रंगाच्या रिकाम्या बादल्या, गळका टब, आजेसासूबाईंची चेपलेली परात, काही म्हणजे काही टाकत नाही. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते तेव्हा आमच्याकडून सुकाच कचरा जातो, ओला सगळा वर ड्रममध्ये. कॉलनीत कुणाच्या मिरचीची पानं आकसली की ती फांदी माझ्याकडे दाखवायला येते. असं असून मी फसले. आणि बागेतल्याच गोष्टीत फसले, हे जास्त झोंबतं.

झालं असं की नातू पुण्याहून मेमध्ये यायचा होता. फोनवर म्हणाला, "आजी, तुझ्याकडे स्ट्रॉबेरी का नाही?" आणि त्याच आठवड्यात मोबाईलवर तो व्हिडिओ आला. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांची उभी भिंत, दोरीला लटकलेली, आणि प्रत्येक बाटलीतून स्ट्रॉबेरी लोंबतेय. लाल, पांढरी आणि निळी. खाली लिहिलेलं : "घरच्या घरी बाटली-बाग किट. ३० निळ्या स्ट्रॉबेरीच्या बिया, पाच किलो कोकोपीट, ऑरगॅनिक बूस्टर, दोरी, हुक. फक्त २,४९९." कुरिअरचे १४९ वर. बाटल्या मात्र आपल्या घरच्या! मी चाळीस बाटल्या जमवून, कापून ठेवल्या. (कापलेली कड गरम इस्त्रीवर क्षणभर टेकवा, मधे जुना कागद ठेवून. कड वळते आणि हात कापत नाही. झाकणाला तापल्या सुईने तीन भोकं, एकाने पाणी निघत नाही. किट खोटं निघालं तरी ही युक्ती खरी आहे.)

आता मला जे माहीत होतं ते लिहिते, म्हणजे मला माझीच लाज वाटेल. स्ट्रॉबेरी निळी नसते. जगात कुठेही नसते. दुसरं, स्ट्रॉबेरी सहसा कुणी बियांपासून लावत बसत नाही. वेलीसारखे जे फुटवे जमिनीवर धावतात, ज्यांना रनर म्हणतात, त्यांची रोपं लावतात. महाबळेश्वरला तसंच करतात, आणि तेही पावसाळा सरल्यावर, थंडीच्या तोंडावर. इंदूरच्या एप्रिलात, ४० अंशांत, माझ्या गच्चीवर? हे सगळं मला माहीत होतं. १६ एप्रिलला २,६४८ रुपये भरताना पण माहीत होतं. नातवाचा चेहरा समोर आला की माहीत असलेलं कुठे जातं, देव जाणे.

खोकं २४ तारखेला आलं. आत एक रंगीत पत्रक : "जगप्रसिद्ध इंदूर पद्धतीने बनलेला बूस्टर." म्हणजे इंदूरच्या बाईला इंदूर विकलं! ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : काडीकचरा, शेण, माती आणि राख यांचे थर रचून, ढीग दोनतीनदा उलटवून तीनेक महिन्यांत खत करायची रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथल्या संशोधन संस्थेत होते, आणि त्यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांनी ती पद्धत बसवली, दोघांनी मिळून १९३१ मध्ये छापली. वाड! आपल्यातलं नाव. आणि त्या गावात राहून मी पाकिटातल्या काळ्या गोळ्यांना भुलले. त्या गोळ्या चमचाभर पेल्यात टाकल्या, पाचव्या मिनिटाला पाणी शाईसारखं झालं आणि तळाशी उरल्या राखाडी मातीच्या गोळ्या. म्हणजे रंगवलेली मातीच होती.

पाच किलोची कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याची वीट मी रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली. तीन किलो शंभर ग्रॅम. तेव्हाही मी म्हटलं, असेल, वाळली असेल.

बियांचं पाकीट म्हणजे झिपची पिशवी आणि वर स्टिकर. लॉट नंबर नाही, उगवणक्षमता किती टक्के ते नाही, तपासणीची तारीख नाही, विकणाऱ्याचा पत्ता नाही. बियाणे कायदा १९६६ चा आहे, त्याखाली सरकारने अधिसूचित केलेल्या बियाण्यांच्या पाकिटावर हे सगळं असायला लागतं. बारा वर्षांत मी बिनलेबलचं बी घेतलं नव्हतं. शुक्रवारी रात्री त्या तीस बिया वाटीत भिजत घातल्या आणि शनिवारी सकाळी, २६ तारखेला, झाकण काढलं.

प्रत्येक बी फुगलेलं. भोवती पारदर्शक बुळबुळीत झगा, मधे काळा ठिपका. बेडकाच्या अंड्यांसारखं. मी बोटावर घेऊन पाहिलं, बोटावरून घसरलं. हे मागे उभे होते. म्हणाले, "अगं, हा तर सब्जा! सराफा बाजारात फालुद्यात घालतात तो." आणि हसत हसत पोहे-जिलबी आणायला गेले. जाताना म्हणाले, "दूध आणू का जास्तीचं?"

इथेच थांबले असते तर २,६४८ ला निभावलं असतं. वहिनींचे धरून ५,२९६. पण मला राग आला होता, आणि खोक्यावर छापलेला 'ग्राहक सेवा' नंबर मी फिरवला. खोकं त्यांचं, म्हणजे नंबरही त्यांचाच. चोराच्या घरी चोराची तक्रार घेऊन गेले.

फोन उचलणारा मुलगा हिंदीत सुरू झाला, माझं आडनाव ऐकून लगेच मराठीत आला. "मावशी, तुम्ही इंदूरच्या का? माझी आत्या रामबागेत असते." झालं. इथे सगळा दिवस हिंदीत जातो, दुकान हिंदी, बँक हिंदी, रिक्षा हिंदी. कुणी मराठीत 'मावशी' म्हटलं की आपण आधी चहाला बोलावतो आणि मग नाव विचारतो. त्याने माफी मागितली, चुकीचा लॉट गेला म्हणाला, लगेच रिफंड देतो म्हणाला. व्हॉट्सअॅपवर क्यूआर आला, वर मोठ्या अक्षरांत 'रिफंड ₹२,६४८'. तो पेमेंट अॅपमध्ये उघडायचा आणि पिन टाकायचा, की पैसे जमा.

तो क्षण मी रोज रात्री बघते. ९ वाजून २४ मिनिटं. पडद्यावर एका बाईचं नाव होतं, कंपनीचं नाही. त्याखाली रक्कम आणि बटणावर सरळ 'पे' लिहिलेलं. मी वाचलं. नुसतं वाचलंच नाही, विचारलंही : "अरे, इथे तर पैसे द्या असं दिसतंय." तो म्हणाला, "मावशी, सगळ्यांना तसंच दिसतं. ते आमच्या अकाउंटंट मॅडमचं नाव." आणि मी पिन टाकला. भाजीवाल्याला वीस रुपये देताना रोज टाकते तोच पिन. पैसे घ्यायला भाजीवाला कधी स्वतःचा पिन टाकतो का? नाही. हे दहा वर्षांच्या पोराला कळतं.

मेसेज आला, २,६४८ डेबिट. त्याच्याकडे उत्तर तयारच : "सर्व्हर अडकला, आता दोन्ही मिळून पाठवतो." ५,२९६ चा क्यूआर. ९:३१. पिन. मग तिन्ही मिळून १०,५९२. ९:३८. पिन. गेलेलं परत येईल या आशेने माणूस पुढचं घालतो, जुगाऱ्यासारखं. चौथा क्यूआर २१,१८४ चा होता, तो मात्र झाला नाही. मला अक्कल आली म्हणून नव्हे. खात्यात तेवढे उरले नव्हते. हे पोह्यांची पुडी घेऊन दारात उभे, आणि माझ्या कानाला फोन, तो मुलगा प्रेमाने विचारतोय, "मावशी, दुसरं खातं आहे का काकांचं?"

१०:१२ ला १९३० लावला, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. हे बरोबर केलं, तुम्हीही आधी हेच करा, मग रडा. जितक्या लवकर लागेल तितके पैसे पुढच्या खात्यांत अडवता येतात. मला लागला बावीस मिनिटांनी. तोवर "आपकी कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है." शेवटी एका मुलीने नीट लिहून घेतलं, पावती क्रमांक दिला. सगळ्या प्रकरणात तेवढी एकच व्यक्ती माणसासारखी वागली.

चौथा शनिवार, बँक बंद. सोमवारी गेले तर मॅनेजर म्हणतात, "पिन तो आपने ही डाला ना?" मी म्हटलं, हो, मीच टाकला, म्हणूनच तुमच्याकडे आलेय. लेखी तक्रार घ्यायला तयार नाहीत. शिक्का मारलेलं स्टेटमेंट हवं होतं, तर सर्व्हर डाऊन. (यांचाही!) घरी मुलाने रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काढून दाखवलं. पिन आपल्या चुकीने गेला तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर एक रुपयाही गेला तर तो बँकेचा. म्हणून कळवल्याची वेळ आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. मी दुसऱ्या दिवशी दोन प्रती नेल्या आणि शिक्का पडेपर्यंत तिथल्या बाकावर स्वेटर विणत बसले. एप्रिलमध्ये स्वेटर. दीड तासाने पडला. तीस दिवसांत धड उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तीस झाले, मी केली तक्रार, बघू.

पोलीस ठाण्यात वेगळीच तऱ्हा. "सायबर में जाइए." सायबरमध्ये, "थाने से लिखवा के लाइए." पुन्हा ठाण्यात. माझ्या अर्जात 'सब्जा' वाचून हवालदार अडले : "मैडम, ये सब्जी लिखना था क्या?" सब्जा म्हणजे काय ते मी तिथे, आठ-दहा माणसांसमोर, फालुद्याचं उदाहरण देऊन समजावलं. एक जण हसला. साहेबांचं म्हणणं, बियांची बाब आहे, कृषी विभागात जा. गेले, तेही केलं. तिथे ऐकलं, "हम किसान का देखते हैं, गमले का नहीं." म्हणजे मी ना शेतकरी, ना ग्राहक, ना पीडित. इतक्या लहान रकमेसाठी कशाला त्रास घेता, असं तीन वेगवेगळ्या खुर्च्यांनी मला ऐकवलं. त्यांना लहान असेल. माझ्या पेन्शनमधून आठ महिने थोडे थोडे काढून ठेवलेले होते ते.

अर्ज शेवटी लागला. कळलं ते असं : त्या २१,१८४ पैकी ३,१०० रुपये परराज्यातल्या कुठल्याशा खात्यात होल्ड झालेत. अडवलेत, पण तेव्हा मला सांगितलं, असे मिळणार नाहीत, त्यासाठी कोर्टाचा आदेश आणायचा. वकिलाने फी सांगितली ५,०००. हिशेब तुम्हीच करा.

मुलाला मी दोन दिवस सांगितलंच नव्हतं. सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आई, तू सुद्धा?" ओरडला असता तर बरं वाटलं असतं. घरातलं कुणी वयस्कर असं फसलं तर हे दोन शब्द गिळा, कारण त्या लाजेपायीच माणसं १९३० लावायला उशीर करतात. आणि त्यांच्या पेमेंट अॅपला जोडलेल्या खात्यात थोडेच पैसे ठेवा. मला वाचवलं ते रिकाम्या खात्यानेच.

त्या बिया मी रागाने एका बाटलीत ओतल्या होत्या. सब्जा उन्हाला घाबरत नाही, तुळशीचाच भाऊबंद. भराभर उगवला. नातू आला, पानं चुरगळून वास घेतला आणि विचारलं, "आजी, ही स्ट्रॉबेरी का?" हे आत उठून गेले, हसायला.

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. नवा आवाज, भारदस्त हिंदी. सायबर विभागातून बोलतोय, आपके इक्कीस हजार एक सौ चौरासी मिल गए हैं, फक्त १,१८० प्रोसेसिंग फी भरा. आकडा रुपयापर्यंत बरोबर. एकदा फसलेल्यांची यादीही विकली जाते तर! मी म्हटलं, थांबा हं साहेब, चष्मा शोधते. फोन चालूच ठेवून सब्ज्याच्या बाटलीशेजारी टेकवला आणि वांग्यांना पाणी घालायला गेले. परत येऊन पाहिलं, सात मिनिटं थांबला होता.