गिरिपुष्पाची रोपं: मूळ पाहूनच पैसे द्या

सोलापूर शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत बांधावर लावायला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, ज्याचा पाला हिरवळीचं खत म्हणून मातीत घालतात ते झाड) दोन प्रकारांत मिळतं: बियांपासून पिशवीत वाढवलेलं रोप आणि नुसती काडी. काडी स्वस्त, म्हणून आधी तीच पुढे केली जाते. कोरडवाहू रानासाठी ती घेऊ नये. काडीला सोटमूळ येत नाही. मुळं वरच्या थरात पसरतात आणि पिकाचीच ओल ओढतात. शिवाय काडी आधी साठवलेल्या अन्नावर पानं फोडते, मुळं मागाहून. जुलैत हिरवीगार दिसलेली काडी ऑगस्टच्या उघडिपीत वाळते ती यामुळेच. पाण्याची सोय असेल आणि कुंपणच करायचं असेल तर चालेल, पण मग 1 ते दीड मीटर लांब, अंगठ्याहून जाड, तपकिरी सालीची हवी. इथल्या जुडीत हिरव्या, कोवळ्या काड्याच जास्त.

रोपं मात्र चांगली आहेत. फूट-सव्वा फूट उंच, मुळांवर गाठी भरपूर. गाठ नखाने फोडली की आतून गुलाबी, म्हणजे नत्र बांधायचं काम सुरू आहे. खोट पिशवीत आहे. पिशव्या लहान, त्यामुळे जुन्या रोपांचं सोटमूळ तळाशी वेटोळं घालून बसलंय. तसंच लावलं तर मूळ खोल जात नाही, मग काडी काय आणि रोप काय! दोन-चार पिशव्या काढून तळ बघा. वेटोळं घट्ट असेल तर नको म्हणा. थोडंच असेल तर लावताना तळाचा बोटभर भाग धारदार पात्याने कापून टाका. भरण निव्वळ काळ्या मातीची आहे, तीही चूक. वाळली की ती आकसते आणि वरून घातलेलं पाणी कडेच्या भेगांतून निघून जातं. अशा पिशव्या घमेल्यातल्या पाण्यात ठेवून खालून भिजवा.

दमदार पाऊस झाल्यावर बांधावर 1 मीटर अंतराने, फूटभर खड्ड्यात लावा. पहिलं वर्ष छाटणी नाही. नंतर जमिनीपासून 75 सेंटिमीटर ते 1 मीटरवर छाटा आणि रब्बी ज्वारीच्या पेरणीआधी 2-3 आठवडे कोवळा पाला वखराने मातीत मिसळा. मातीत ओल नसेल तर पाला कुजत नाही, नुसता वाळून वाऱ्यावर उडतो. जाड फांद्या चुलीला.

‘पन्नास झाडं लावा, युरिया बंद’ असं रोपवाटिकेत सांगतात, ते मनावर घेऊ नका. 1 टन ओल्या पाल्यातून साधारण 6-7 किलो नत्र मिळतं. छाटणीला झाडामागे 5 किलो पाला धरला तर पन्नास झाडांचा अडीचशे किलो, म्हणजे जेमतेम साडेतीन किलो युरियाइतकं नत्र. खरा फायदा दरवर्षी मातीत पडणाऱ्या सेंद्रिय कर्बाचा आहे, आणि आपल्या जमिनींना तोच कमी पडतो. युरियाच्या एका गोणीइतकं नत्र हवं असेल तर 3 टनांच्या आसपास पाला लागेल. तेवढी झाडं बांधावर बसतात का, ते आधी मोजा.

चाऱ्यासाठी घेत असाल तर उग्र वासामुळे जनावरं सुरुवातीला तोंड लावत नाहीत. पाला दिवसभर सुकवून कडब्यात थोडा थोडा मिसळून द्या. बुरशी आलेला पाला अजिबात नको, आणि घोड्याला तर कसलाच नको.