रस्ट कंपायलरचे एरर मेसेज: काही महिन्यांच्या वापरानंतर

महापे एमआयडीसीतील आमच्या कार्यालयात सी प्लस प्लसमधील एका जुन्या सर्व्हरचे भाग टप्प्याटप्प्याने रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत आणण्याचे काम काही महिन्यांपासून सुरू आहे. या काळात मला सर्वाधिक समाधान दिले ते कंपायलरच्या, म्हणजे लिहिलेला कोड तपासून त्याचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाच्या, एरर मेसेजेसनी.

रस्टमध्ये प्रत्येक व्हॅल्यूला एका वेळी एकच मालक असतो. एखादी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराची व्हॅल्यू, फंक्शनला देऊन टाकली आणि पुढच्या ओळीत पुन्हा वापरली, तर कंपायलर ई०३८२ ही एरर देतो. मात्र ओळ क्रमांक सांगून तो थांबत नाही. मालकी कुठे गेली, त्यानंतर ती व्हॅल्यू कुठे वापरली गेली आणि स्ट्रिंगला कॉपी हे ट्रेट (व्हॅल्यूची आपोआप नक्कल होऊ देणारा गुणधर्म) लागू नसल्यामुळे असे झाले, या तिन्ही गोष्टी तो आपल्याच कोडच्या ओळींखाली खुणा करून दाखवतो. मेसेजची ही मांडणी २०१६ साली आवृत्ती १.१२ मध्ये आली आणि तिच्यामागे एल्म या भाषेच्या मेसेजेसची प्रेरणा होती.

तेवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर रस्टसी या कंपायलरच्या कमांडला एक्सप्लेन हा पर्याय आणि एरर कोड द्यावा. न चालणारा छोटा कोड, तो न चालण्याचे कारण आणि दुरुस्त केलेला कोड असे सविस्तर टिपण टर्मिनलवरच येते आणि त्यासाठी इंटरनेटही लागत नाही. नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना मी आधी हे टिपण वाचायला सांगतो, कारण तयार उत्तर शोधून चिकटवण्यापेक्षा त्यातून मालकीचा नियम पक्का समजतो.

एका गोष्टीबाबत मात्र सावध राहावे लागते. याच एररखाली पुष्कळदा क्लोन, म्हणजे त्या व्हॅल्यूची स्वतंत्र नक्कल, करून पाहण्याची सूचना येते. परवडत असेल तर करा, असे कंपायलर स्पष्ट म्हणतो. तरीही घाईत तेवढा भाग वाचला जात नाही, कोड कंपाइल होतो आणि मोठ्या डेटाची विनाकारण नक्कल होत राहते. म्हणून आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये प्रत्येक क्लोनचे कारण विचारले जाते.

एसिंक कोडमध्ये, म्हणजे एका कामाची वाट पाहताना दुसरे काम चालू ठेवणाऱ्या कोडमध्ये, फ्यूचर (पुढे पूर्ण होणारे काम) दुसऱ्या थ्रेडवर, म्हणजे समांतर चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर, पाठवता येत नसल्याची एरर आली, की हीच स्पष्टता बरीच कमी होते. कोणती व्हॅल्यू कोणत्या अवेटपाशी (वाट पाहण्याच्या जागी) अडकली हे पुष्कळदा दिसते, परंतु जेनेरिक, म्हणजे इतर टाइप पोटात घेणाऱ्या, टाइपांची नावे कधी कधी इतकी लांबतात की कंपायलर ती पडद्यावर आखडून संपूर्ण नाव वेगळ्या फाइलमध्ये लिहितो. अशा वेळी नवख्या माणसाला अजूनही जाणत्या सहकाऱ्याला शेजारी बसवूनच तो मेसेज वाचावा लागतो.