५० मिमी एफ/१.८ लेन्स आणि ठळक तारे : एका हंगामाच्या वापरानंतर

ऑक्टोबर ते मे हा अख्खा हंगाम ही लेन्स एपीएस-सी सेन्सरच्या डीएसएलआरवर, साध्या ट्रायपॉडवर, ट्रॅकरशिवाय (आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राशिवाय) वापरली. काम एकच : व्याध, काक्षी (बीटलज्यूस), राजन्य (रायगेल), रोहिणी, स्वाती, ज्येष्ठा अशा ठळक ताऱ्यांचे रंग टिपणं. त्यासाठी ही लेन्स उत्तम आहे. मात्र ती मुद्दाम फोकसबाहेर ठेवून वापरावी लागते.

नेमका फोकस केला की ताऱ्याचा सगळा प्रकाश दोन-तीन पिक्सेलवर पडतो आणि लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनल काठोकाठ भरतात. मग सुमारे ३५०० केल्विन तापमानाची तांबडी काक्षी आणि १२००० केल्विनचा निळसर राजन्य दोघेही पांढरे ठिपके होतात. एक्स्पोजर कमी करूनही भागत नाही. ठिपका इतका बारीक असतो, की तो लाल पिक्सेलवर पडला की निळ्या, यावर फोटोतला रंग ठरतो. लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये तोच तारा वेगळा दिसतो.

म्हणून आधी लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करून तारा टाचणीच्या टोकाएवढा करायचा आणि मग रिंग हळूच फिरवून त्याची साधारण २० पिक्सेल व्यासाची तबकडी करायची. दर वेळी रिंग एकाच दिशेने फिरवा, म्हणजे वेगवेगळ्या रात्रींचे फोटो एकमेकांशी ताडून पाहता येतात. एफ/४, आयएसओ २००, ४ सेकंद हे काक्षी-रोहिणीसाठी चांगलं बसतं. व्याध उणे १.४६ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका लहान, तितका तारा ठळक), त्याला १ सेकंद पुरे. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) १४ बिटची असेल तर तबकडीतला सर्वात उजळ पिक्सेल ११०००च्या वर जाऊ देऊ नका. व्हाइट बॅलन्स ५२०० केल्विनला बांधून ठेवा. तो ऑटोवर असेल तर कॅमेरा हाच रंग दुरुस्त करायला बसतो.

ट्रॅकर का लागत नाही? ४ मायक्रॉनच्या पिक्सेलवर या लेन्सचा एक पिक्सेल म्हणजे सुमारे १६.५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतो. म्हणजे ४ सेकंदांत चार पिक्सेलही नाहीत, आणि २० पिक्सेलच्या तबकडीत ते जाणवत नाहीत. शिवाय पुण्याहून ध्रुव जेमतेम साडेअठरा अंशांवर, बहुतेकदा इमारतीआड किंवा धुरकटात. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे जुळवत बसण्याचा वेळ वाचतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता त्रासाच्या गोष्टी. फोकस रिंगवर अंतराची पट्टी नाही आणि अनंताला अडणारी कडही नाही. रिंग काचा थेट हलवत नाही, मोटरला फक्त इशारा देते. चिकटपट्टी लावून फोकस पक्का करा, हा सल्ला सर्रास मिळतो. या लेन्सवर तो अर्धाच उपयोगी. कॅमेरा आपोआप बंद झाला की मोटर जागा सोडते आणि तबकडी ३० पिक्सेलची होऊन बसते. ऑटो पॉवर ऑफ बंद ठेवा आणि बॅटरी बदलल्यावर फोकस नव्याने लावा. एफ/१.८ वर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, ठळक ताऱ्यांभोवती जांभळी कड येते. एफ/२.८ ला हे बरंच आवरतं, एफ/४ ला जवळपास जातं. डायफ्रॅमच्या सात पात्यांमुळे तबकडी किंचित सप्तकोनी दिसते; रंगाला त्याने बाधा येत नाही.

क्षितिजाजवळचा रंग मात्र खरा धरू नका. अगस्ती पुण्याहून फार तर १९ अंशांवर येतो. तिथे माथ्याच्या तिप्पट हवेतून प्रकाश येतो. फोटोतला त्याचा पिवळा-नारिंगी रंग हवेचा आहे, ताऱ्याचा नाही. लुकलुकही तिथेच जास्त, म्हणून १५-२० फ्रेम घेऊन सरासरी काढा.

सर्वात रमावं असं काम काक्षीच्या तेजाचं. फेब्रुवारी २०२० मध्ये ती १.६ प्रतीपर्यंत मंदावली होती, तेव्हापासून तिच्यावर लक्ष ठेवणारे हौशी लोक जगभर आहेत. काक्षी आणि तिच्या जवळचा १.६४ प्रतीचा तारा बेलाट्रिक्स या लेन्सच्या एका चौकटीत सहज बसतात आणि दोघांची उंचीही जवळपास सारखी, त्यामुळे हवेचा फरक फारसा उरत नाही. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये फक्त हिरवा चॅनल वेगळा काढून ॲस्ट्रोइमेजजे या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोघांचं तेज मोजा. मोजणीचं वर्तुळ तबकडीपेक्षा थोडं मोठं ठेवा. हिरवा चॅनल काढला की चित्र निम्म्या आकाराचं होतं, वर्तुळ ठरवताना हे ध्यानात असू द्या. एक तारा तांबडा, दुसरा निळा, त्यामुळे रंगाची दुरुस्ती केल्याशिवाय आलेली प्रत खरी मानू नये. तेज चढतंय की उतरतंय, हे मात्र त्याच कॅमेऱ्यावर स्पष्ट कळतं.

स्वाती आणि चित्रा, एक नारिंगी आणि एक निळसर, एका फोटोत हवे असतील तर ही लेन्स अपुरी. दोघांत जवळपास ३३ अंशांचं अंतर आहे. तिथे ३५ मिमी किंवा त्याहून रुंद लेन्स घ्या.

पंख्यासारखे रंगीत माग हवे असतील तर मृग मावळतीकडे झुकल्यावर ३० सेकंदांच्या फ्रेम सलग घ्या आणि दर ५ मिनिटांनी फोकस थोडा थोडा सैल करत जा. मग सगळ्या फ्रेम लाइटन मोडमध्ये (प्रत्येक जागी सर्वात उजळ पिक्सेल ठेवणाऱ्या) जोडा. माग निमुळत्या टोकाला पांढरा निघतो आणि रुंद होत जाईल तसा रंग खुलतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन आधी बंद करा, नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून राहतो आणि माग तुटक येतो.

पावसाळ्यात लेन्स कापडी बॅगेत राहिली की काचेवर बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे.