ट्रान्झिशन इंडिकेटर्स: फुकट, कामाचे, पण जपून

एस्टोनिया, मोल्दोव्हा, आर्मेनिया अशा चिमुकल्या देशांवर पेपर लिहून माझं अख्खं करिअर चाललंय, त्यामुळे युरोपीय पुनर्रचना व विकास बँकेचे जुने ट्रान्झिशन इंडिकेटर्स, म्हणजे साम्यवादी व्यवस्थेतून बाजारव्यवस्थेकडे एखादा देश किती सरकला याचे गुणांक, सतत हाताशी लागतात. पैसे पडत नाहीत. खासगीकरण, किंमतमुक्ती, परकीय व्यापार, स्पर्धा धोरण वगैरेंना १ ते ४+ गुण. ४+ म्हणजे प्रगत देशांच्या तोडीचं. गंमत म्हणजे आकडेमोडीत ४+ चे ४.३३ होतात आणि विद्यार्थी खुशाल त्यावर रिग्रेशन (आकड्यांमधला संबंध मोजायचं संख्याशास्त्रीय गणित) चालवतात. अरे, हे तज्ज्ञांचं मत आहे, थर्मामीटर नव्हे!

एस्टोनियाने जून १९९२ मध्ये क्रून हे स्वतःचं चलन आणलं, ८ क्रूनला १ जर्मन मार्क असा बांधून. त्यामागची सगळी धडपड या तक्त्यात एका आकड्यात मावते. कारणं शोधायला मध्यवर्ती बँकेचे अहवालच उघडावे लागतात. मोल्दोव्हाचं जीडीपी शेजारी ठेवणार असाल तर तळटीप आधी वाचा, सरकारी आकड्यांत ट्रान्सनिस्त्रिया हा फुटून निघालेला प्रदेश धरत नाहीत.

पुढे बँकेने पट्टीच बदलली: आता सहा निकष, गुण १ ते १०. दोन्ही मालिका जोडून एकच आलेख काढू नका, पेपर तपासणारा रेफरी पहिल्याच पानावर पकडतो. पाचपैकी साडेतीन तारे.