आधी दार उघडं पाडतात, मग भाव सांगतात

मुख्य दाराचं हँडल तुटलंय आणि नेटवर सापडलेला पहिला नंबर फिरवायच्या बेतात असाल, तर आधी हे वाचा. कोथरूडला आमच्या घरी आई एकटी असताना हा प्रकार झाला.

हँडल बाहेरून दाबलं की खाली लोंबायचं, वर यायचं नाही. कुलूप मात्र चावीने व्यवस्थित लागत होतं, उघडतही होतं. आईने फोन केला तेव्हा पलीकडून गोड आवाजात सांगितलं, "तपासणीचे फक्त 199 काकू, काम केलं तर तेही माफ."

माणूस आला संध्याकाळी, अंधार पडता पडता. वेळ मुद्दाम निवडलेली असावी असं मला आता वाटतं. काही न विचारता त्याने दोन्ही बाजूंची हँडलं उतरवली, चावी ज्यात फिरते ते सिलिंडर ओढून काढलं आणि दाराच्या कडेचे स्क्रू सोडून दाराच्या जाडीत बसवलेलं आख्खं मॉर्टाइज लॉक बाहेर घेतलं. दाराला आरपार भोक, त्यातून जिन्यातला दिवा दिसतोय. आणि मग भाव: "काकू, लॉकच गेलंय आतून. पूर्ण सेट 6,800." आई म्हणाली, राहू दे, जुनंच बसव. तर म्हणे आतली पत्ती तुटली, आता ते बसणार नाही. रात्रीच्या वेळी बिनकुलपाचं दार ठेवून कोण घासाघीस करणार? तरी आईने 5,600 वर आणलं.

नवं हँडल अस्सल एसएस 304, म्हणजे एका प्रकारच्या स्टेनलेस स्टीलचं, आहे हे पटवायला त्याने खिशातून लोहचुंबक काढून लावला. चिकटला नाही. "बघा, प्युअर स्टील!" हा भाग ऐकून मला हसावं की रडावं कळेना. 304 स्टीलला चुंबक फारसा चिकटत नाही हे खरं, पण तो पितळेलाही चिकटत नाही आणि जस्ताच्या ओतीव मालालाही चिकटत नाही. स्वस्तातली बरीच हँडलं ह्याच जस्ताची, वरून चकचकीत मुलामा दिलेली असतात. म्हणजे त्या चाचणीत काहीच सिद्ध होत नव्हतं. मी नंतर नव्या हँडलची पाटी काढून पाहिली. मागच्या बाजूला, स्क्रूच्या भोकाशी, मुलाम्याखालून मातकट करडा रंग दिसत होता.

जुनं लॉक तो "भंगारात टाकतो" म्हणून घेऊन गेला. तुटकं हँडल मात्र आईने ठेवून घेतलं होतं. ते घेऊन मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने पाटी उलटी केली, आतली तुटलेली स्प्रिंग नखाने उचलून दाखवली आणि म्हणाला, "लॉकचा काय संबंध? चावी फिरत होती ना?" नुसती हँडलची जोडी बदलली असती तर काम झालं असतं. दोन्ही पाट्या आरपार स्क्रूने आवळलेल्या असतात, मधून चौकोनी सळई जाते. लॉकला हातही लावावा लागत नाही. फक्त हँडलच्या मध्यापासून चावीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर जुळायला हवं. पुष्कळ लॉकमध्ये ते 85 मिलीमीटर असतं, पण मोजून जा किंवा सरळ जुनी पाटीच घेऊन जा.

पैशांचं दुःख एकवेळ सोडा. खरी धास्ती वेगळीच होती. खोक्यावर तीन चाव्या छापलेल्या, पाकिटात दोन, आणि पाकीट आधीच फाडलेलं. तिसरी कुठे? फोन केला तर "कंपनीकडूनच दोन येतात." त्यानंतर नंबर लागलाच नाही. मी दुसऱ्याच दिवशी सिलिंडर बदललं. त्यालाही मोठं काम नसतं. दाराच्या कडेला असलेला एक लांब स्क्रू सोडायचा, चावी थोडी तिरकी करायची, की ते सरकून बाहेर येतं. त्याच मापाचं नवं घालायचं. माप घेताना स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकं वेगवेगळी मोजायची, कारण ती नेहमी सारखी नसतात. भाड्याच्या घरात नव्याने राहायला जाणाऱ्यांनीही हे करावं असं माझं मत आहे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, हेही खरं. पण तक्रार करायची कोणावर? बिल नाही, पत्ता नाही, यूपीआयवर कुठल्याशा व्यक्तीचं नाव, आणि जाहिरातीतल्या दुकानाच्या पत्त्यावर प्रत्यक्षात झेरॉक्सचं दुकान. त्या बिचाऱ्याला आपल्या पत्त्यावर लॉकवाला आहे हे माझ्याकडूनच कळलं.

आईने आता दाराच्या आत, फोनच्या वर, सोसायटीच्या सुताराचा नंबर चिकटवलाय. काल सहज पाहिलं तर ती जाहिरात अजून आहे. फोटो तोच, नंबर नवा, आणि भाग कोथरूडऐवजी बावधन.