पौलाचा अब्राहाम, याकोबाचा अब्राहाम
तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं की माणसाच्या कृतीनं? हा वाद निघाला की एका बाजूला पौल आणि दुसऱ्या बाजूला याकोब, बायबलच्या नव्या करारातले दोन पत्रलेखक, उभे करतात. गंमत म्हणजे दोघांचा साक्षीदार एकच, जुन्या करारातला मूळपुरुष अब्राहाम.

रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल जुन्या करारातल्या उत्पत्ती या पुस्तकाचा १५वा अध्याय उघडतो. मूलबाळ नसलेला म्हातारा रात्री तंबूबाहेर, वर तारे, आणि 'इतकी तुझी संतती होईल' हे वचन. त्यानं नुसता विश्वास ठेवला आणि तेवढ्यावर तो नीतिमान गणला गेला. सुंता तर पुढे १७व्या अध्यायात झाली. पौलाचा सगळा भर या क्रमावर आहे: ही मजुरी नव्हे, दान.

याकोब तेच वाक्य घेतो, पण बोट ठेवतो २२व्या अध्यायावर. वेदीवर इसहाक, बापाच्या हातात सुरा. इसहाक झाला तेव्हा बाप शंभरीचा, म्हणजे त्या वचनाला निदान चौदा वर्षं उलटलेली. पौल आत कसं आलात ते सांगतो. याकोब विचारतो, आल्यावर काय केलंत?

१५२२ साली जर्मन धर्मसुधारक लूथरनं याकोबाच्या पत्राला गवताचं, म्हणजे हलकं, म्हटलं. मला तो अन्याय वाटतो. उपाशी भावाला 'ऊब घ्या, पोटभर जेवा' म्हणून रिकाम्या हातानं वाटेला लावणारा याकोबाच्या पत्रातला माणूस रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर हमखास भेटतो. कधीकधी तो मीच असतो.